गच्चीवर रासेंगान: नारुतोची चार तंत्रं मोबाईलवर टिपताना क्रम चुकवू नका

दर हिवाळ्यात आमच्या सोसायटीतली पोरं मला तोच फोटो आणून दाखवतात. काळाकुट्ट अंधार, मधे चुना फासल्यासारखा पांढरा डाग, डागामागे तीन-तीन नाकं असलेला धूसर चेहरा. आणि प्रश्न ठरलेला: ‘काका, रासेंगान का नाही येत?’

येत नाही, कारण सुरुवातच रासेंगानपासून केलेली असते. अंधार पडल्यावर गच्चीवर जायचं, मोबाईल कठड्याला टेकवायचा, एकाने टॉर्च गरागरा फिरवायचा. तासाभराने बॅटरी बसते, पोरांची भांडणं होतात आणि खालून कोणाची तरी आई जेवायला हाक मारते.

‘नारुतो’ या जपानी ॲनिमे मालिकेतली चार तंत्रं एका संध्याकाळी, एका गच्चीवर, साध्या मोबाईलने नीट टिपता येतात: कागे बुनशिन (एकाचे अनेक होणं), शिकामारूचं कागेमाने (सावलीने समोरच्याला अडकवणं), रासेंगान (तळहातावरचा फिरता निळा गोळा) आणि चिदोरी (हातात धरलेली वीज). अट एकच, क्रम उजेडाप्रमाणे लावायचा. आवडीचं तंत्र आधी, असं इथे चालत नाही. डिसेंबरात पुण्या-मुंबईकडे सूर्य सहाच्या आसपास मावळतो, म्हणून माझं वेळापत्रक असं असतं: चार वाजता सावलीत कागे बुनशिन, पाचला तिरप्या उन्हात कागेमाने, सहा ते पावणेसात मांडामांड, आणि अंधार पडल्यावर आधी रासेंगान, मग चिदोरी. दुसऱ्या महिन्यात करत असाल तर सूर्यास्ताची वेळ बघून तेवढंच पुढे सरकवा.

मालिका तुम्ही पाहिली आहे असं धरून लिहितोय.

## आदल्या दिवशीची तयारी

१. मोबाईलमध्ये शटर, म्हणजे उजेड किती वेळ आत घ्यायचा ते, हातात येतं का बघा. कॅमेऱ्यात ‘प्रो’ किंवा ‘मॅन्युअल’ मोड असेल आणि त्यात शटर १० सेकंदांपर्यंत जात असेल तर काम झालं. नसेल तर शटर, आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते) आणि फोकस हाताने ठरवू देणारं वेगळं कॅमेरा ॲप टाका. नाइट मोडवर विसंबू नका. तो एकामागून एक बरेच फोटो काढून स्वतःच्या डोक्याने जोडतो, आणि फिरणारी रेघ ही त्याच्या लेखी चूक असते. ती तो पुसायला बघतो.

२. ट्रायपॉड. स्वस्तातला चालेल, पण हलणारा नको. खाली पिशवीत दोन विटा घालून लटकवल्या की स्वस्तातलाही जागचा हलत नाही. कठडा, खुर्ची, पुस्तकांची चळत यांवर मोबाईल टेकवून चारांपैकी तीन फोटो बिघडतात, हे मी स्वतः करून पाहिलंय.

३. दिवे. किचेनला असतो तसला बारका एलईडी टॉर्च, दोन नग. एकावर निळा जिलेटिन कागद दोन-तीन पदरी गुंडाळून चिकटपट्टी लावा, दुसरा पांढराच ठेवा. शिवाय चेहऱ्यासाठी एक मोठा टॉर्च, तोंडावर बटर पेपर लावलेला. चिदोरीसाठी जत्रेत मिळते ती चमकणाऱ्या दोऱ्यांची कांडी, जिच्या प्रत्येक दोऱ्याच्या टोकाला ठिपका उजळतो. घरात लहान मूल असेल तर बटण सेलचे दिवे वापरून झाल्यावर मोजून उचला.

४. फिरकी. सायकलचा जुना स्पोक घ्या आणि काटकोनात वाकवा. छोटी बाजू ७ ते ८ सेंटिमीटर ठेवा, तिच्या टोकाला निळा एलईडी पक्का बांधा. लांब बाजू ही मूठ. मूठ बोटांत फिरवली की एलईडी वर्तुळात फिरतो. सुतळीला दिवा बांधून फिरवण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो, पण तो मोठ्या गोळ्यासाठी ठीक आहे. तळहाताएवढ्या गोळ्याला सुतळी ढिली पडते आणि गोळ्याचा बटाटा होतो.

५. काळे कपडे. दिवा फिरवणाऱ्याला पूर्ण बाह्यांचा काळा शर्ट, काळी पँट आणि दोन्ही हातांत काळे मोजे. पायमोजे चालतात, फक्त अंगठा मोकळा करून घ्या.

६. खडू आणि १ फुटाची पट्टी. दोन्ही कशाला, ते पुढे येईलच.

> सावध: खऱ्या आगीचं काहीही नको. तारेचा काथ्या पेटवून फिरवल्याच्या ठिणग्या फोटोत भारी दिसतात, फुलबाजीही दिसते. पण नारुतोचा नारिंगी पोशाख बहुतेक वेळा पॉलिएस्टरचा शिवलेला असतो, आणि तो पेटत नाही तेव्हा वितळून अंगाला चिकटतो. डास मारायची विजेची बॅट चिदोरी म्हणून हातात धरू नका. कठड्यावर चढून पोझ तर नाहीच.

## पहिला टप्पा: कागे बुनशिन (दुपारी चार, सावलीत)

एकाच पोराचे सहा-सात नारुतो करायचे. तंत्र सोपं: मोबाईल न हलवता सात फोटो, मग एकावर एक रचून जोडणी. बिघडतं ते नेहमी ‘न हलवता’ या शब्दापाशी.

१. जिन्याच्या खोलीची किंवा पाण्याच्या टाकीची सावली जिथे मोठी पडते ती जागा निवडा. उन्हात काढला तर एका नारुतोची सावली दुसऱ्याच्या पायावर पडायला हवी, आणि दुसरा त्या क्षणी तिथे नसतो. जोडताना रडकुंडीला याल.

२. ट्रायपॉड लावा, चौकट ठरवा आणि ट्रायपॉडच्या तिन्ही पायांभोवती खडूने गोल काढा. कोणाचा धक्का लागला तर निदान कळेल तरी.

३. जमिनीवर सात फुल्या मारा. पहिल्या खेपेला कोणीही कोणावर चढणार नाही इतकं अंतर ठेवा. मागच्या रांगेत तीन, मधे दोन, पुढे दोन.

४. चेहरा जिथे येणार तिथे स्क्रीनवर बोट दाबून धरा, फोकस आणि प्रकाश दोन्हीला कुलूप लागेल. प्रो मोड असेल तर व्हाइट बॅलन्सही (रंगांचा तोल) एका आकड्यावर ठेवा. कुलूप लावलं नाही तर नारिंगी पोशाख कॅमेऱ्याजवळ आल्यावर मोबाईल प्रकाश बदलतो आणि प्रत्येक नारुतोमागची भिंत वेगळ्या रंगाची येते.

५. सगळ्यात आधी रिकाम्या जागेचा एक फोटो. हा विसरला की पुढचं सगळं तिप्पट अवघड.

६. मग मागून पुढे, एकेका फुलीवर एकेक पोझ. शटर दुसऱ्याने दाबायचं, तेही वायरच्या इअरफोनच्या आवाज वाढवायच्या बटणाने किंवा टायमरवर. मोबाईलला बोट लावायचं नाही.

हाताबद्दल दोन शब्द. कागे बुनशिनची खूण म्हणजे दोन्ही हातांची तर्जनी आणि मधलं बोट सरळ, बाकीची बोटं मिटलेली, आणि त्या दोन जोड्यांची फुली: एक उभी, एक आडवी. पोरं ती गुणिलेच्या चिन्हासारखी तिरपी धरतात. अधिकच्या चिन्हासारखी हवी. आणि सातही जणांनी तीच खूण करून उभं राहायची गरज नाही. मधल्या एकाने खूण धरावी, बाकीच्यांनी बसावं, वाकावं, जांभई द्यावी, कंबरेवर हात ठेवून तावातावाने बघावं. कागे बुनशिन नुसता भास नसतो, त्याला शरीर असतं. म्हणून एखाद्याने टाकीच्या पाइपाला टेकलेलं किंवा हातात खोटी कुनाई (निंजाचा सुरा) धरलेली फार खुलून दिसते.

जोडणी: लेयर (फोटोंचे एकावर एक थर) आणि मास्क (थराचा नको तो भाग झाकणं) असलेलं कोणतंही फुकट ॲप चालेल. रिकाम्या जागेचा फोटो तळाला. त्यावर मागच्या रांगेतले, मग मधले, सगळ्यात वर पुढचे. प्रत्येक लेयरवर माणूस आणि त्याच्या पायाशी असलेली फिकट सावली एवढंच ठेवून बाकी पुसा. पुसायचा ब्रश मऊ कडेचा घ्या. पायाजवळची ती फिकट सावली पुसली गेली तर माणूस हवेत तरंगतो. मी पहिल्या वर्षी कापलेले नारुतो असे तरंगत होते, की भाच्याने ‘हे ओरोचिमारूने जिवंत केलेले आहेत का?’ असं विचारलं होतं.

> तपासा: गच्ची सोडण्याआधी सातही फोटो पटापट पुढे-मागे सरकवून बघा. मागची भिंत जागची हलत असेल तर आत्ताच पुन्हा काढा. घरी गेल्यावर उपाय नाही.

## दुसरा टप्पा: कागेमाने (पाच वाजता, तिरप्या उन्हात)

या चारांत मला सगळ्यात आवडणारा फोटो हाच, कारण यात खोटं काही नाही. शिकामारूचं तंत्रच सावलीवर चालतं आणि सावली लांबवायला त्याला सूर्य खाली यायची वाट बघावी लागते. तेमारीशी झालेल्या लढतीत त्याने नेमकं तेच केलं होतं. आपणही तेच करायचं.

१. पट्टीने मोजा. १ फुटाची पट्टी जमिनीवर उभी धरा. तिची सावली २ फूट असेल तर अजून अवकाश आहे. ४ फूट झाली की सुरू करा. हे साधारण सूर्यास्ताच्या तासभर आधी होतं. आता १४० सेंटिमीटर उंचीच्या पोराची सावली साडेपाच मीटरच्या वर जाते.

२. ओळ आखा. शिकामारूची पाठ सूर्याकडे. त्याची सावली जिथे संपते तिथे, डोक्याच्या टोकाशी, खडूने खूण करा. त्या खुणेवर समोरच्याचे पाय.

३. मोबाईल बाजूला, आडवा. दोघांच्या मधोमध, सावलीच्या ओळीला काटकोनात, पाच-सहा पावलं दूर. थोडी उंची मिळाली तर सावली जमिनीवर पसरलेली दिसते, पण त्यासाठी घट्ट स्टूल घ्या. पोटमाळ्याची डुगडुगती शिडी नको.

४. एचडीआर बंद करा. इथे बहुतेक जण चुकतात. मोबाईलला वाटतं सावली म्हणजे काळोखात हरवलेला भाग, आणि तो ती उजळून राखाडी करतो. एचडीआर बंद करा, उन्हातल्या जमिनीवर बोट दाबून प्रकाशाला कुलूप लावा आणि प्रकाश थोडा खाली ओढा. सावली शाईसारखी व्हायला हवी.

५. पोझ. कागेमानेत अडकलेला माणूस शिकामारू करेल तेच करतो. म्हणजे दोघांची पोझ हुबेहूब एकच हवी, आणि तरीही समोरचा हटकून घाबरून मागे झुकतो, हात पसरतो, किंचाळायचा अभिनय करतो. चुकलं. अडकल्यावर त्याला घाबरताही येत नाही. घबराट फक्त डोळ्यांत.

सगळ्यात सोपी आणि ओळखू येणारी पोझ म्हणजे एक हात वर. तेमारी पुरती अडकल्यावर शिकामारूने हात वर केला, तिचाही हात वर गेला, आणि मग तो म्हणाला की मी हरलो. ज्याने मालिका पाहिलीय तो या फोटोला हसणारच. हातमुद्रा दाखवायची असेल तर उंदराची मुद्रा, ती मात्र पडद्यावर चित्र थांबवून, बोट न् बोट बघून करा.

> तपासा: फोटो मोठा करून बघा. सावलीचं टोक समोरच्याच्या बुटाला चिकटलंय ना? चार बोटांची फट राहिली तर तंत्र लागलंच नाही. ऊन झपाट्याने उतरतं, म्हणून दर पाच मिनिटांनी खडूची खूण पुन्हा करा.

## मधला वेळ: सहा ते पावणेसात

हा वेळ पोरं वेफर्स खाण्यात घालवतात. खाऊ द्या, पण तुम्ही तीन कामं उरका.

१. पार्श्वभूमी. १० सेकंद शटर उघडं राहिलं की शहरातल्या गच्चीवरचा अंधार अंधार राहत नाही. रस्त्यावरचे दिवे, समोरच्या इमारतीच्या खिडक्या, सगळं उजळतं. म्हणून जिन्याच्या खोलीची दिवे नसलेली बाजू पकडा आणि तिथला बल्ब काढायला नाही, बंद करायला सांगा.

२. रिकामी चाचणी. आयएसओ १००, शटर १० सेकंद, एकही दिवा न लावता एक फोटो. चौकट जवळजवळ काळी यायला हवी. राखाडी आली तर आयएसओ ५० करा किंवा जागा बदला.

३. फोकस. मॉडेलला जागेवर उभं करून मोठा टॉर्च चेहऱ्यावर मारा, फोकस हाताने लावा, तिथेच ठेवा. टॉर्च बंद. अंधारात ऑटो फोकस आंधळ्या कोशिंबिरीसारखा चाचपडत बसतो. व्हाइट बॅलन्स ४००० च्या आसपास अडकवा, म्हणजे निळा निळाच राहील.

## तिसरा टप्पा: रासेंगान

जिरायाने नारुतोला रासेंगान तीन पायऱ्यांत शिकवलं: पाण्याचा फुगा, रबरी चेंडू, मग साधा फुगा. फिरवणं, जोर लावणं, आणि तो जोर आत कोंडून धरणं. आपलं कामही याच क्रमाने शिकावं लागतं, आणि ते मोबाईल बाजूला ठेवून.

पहिली पायरी, फिरवणं. पाण्याचा फुगा नारुतोच्या हातून फुटत नव्हता कारण तो पाणी एकाच दिशेने फिरवत होता. सगळ्या दिशांनी एकदम फिरवल्यावर फुटला. फोटोतली पहिली चूक तंतोतंत हीच. एलईडी एकाच दिशेत फिरवला की गोळा येत नाही, सीडी येते. मूठ बोटांत फिरत असतानाच तुमचा हात हळूहळू अर्ध्या वर्तुळात सरकला पाहिजे: मूठ आधी गोळ्याच्या डावीकडून, मग मागून, मग उजवीकडून. म्हणजे वर्तुळं उभीच राहतात पण त्यांची दिशा बदलत जाते, संत्र्याच्या फोडी सोलून मांडल्यासारखी. सेकंदाला दोन गिरक्या, सहा सेकंदांत अर्धं वर्तुळ.

दुसरी पायरी, जोर. म्हणजे इथे प्रकाश. गोळा पांढराफटक आला तर एलईडी जास्त झाला, निळ्या कागदाचा अजून एक पदर लावा. आयएसओला हात लावू नका, नाहीतर चेहऱ्याचं गणित बिघडेल. रेघा वेगवेगळ्या दिसल्या पाहिजेत.

तिसरी पायरी, कोंडणं. मूठ फिरवताना गोळ्याचा मध्य हलला तर कडा फाटतात. नारुतोच्या तळहातावर मन एकवटायला पानाची खूण होती. तुम्हाला अंधारात ती दिसणार नाही, म्हणून काळा मोजा घातलेला तुमचा डावा हात मॉडेलच्या मनगटाला खालून टेकवा. त्या स्पर्शावरून मध्य कळतो. अशी उजेडात वीस-पंचवीस वेळा प्रॅक्टिस करा. खरंच करा.

आता प्रत्यक्ष फोटो.

१. उभं राहणं. रासेंगान उजव्या हातात. म्हणून मॉडेलचं तोंड चौकटीच्या उजव्या बाजूकडे वळवा, उजवा हात आपोआप कॅमेऱ्याच्या बाजूला येतो. तळहात वर, बोटं थोडी वाकलेली, कोपर शरीरापासून सुटं. दिवा फिरवणारा गोळ्याच्या पलीकडे बसतो. अलीकडे बसला तर स्वतःच्या काळ्या पाठीने सगळा खेळ झाकतो, आणि मग मला विचारतात की अर्धाच गोळा का आला.

२. हातमुद्रा नाही. रासेंगानला मुद्रा लागतच नाहीत. डाव्या हाताने उगीच वाघाची मुद्रा धरलेला नारुतो कितीही देखणा असला तरी चुकीचा.

३. मोजणी. टायमर ३ सेकंदांवर. शटर उघडल्याचा आवाज आला की तिसऱ्या माणसाने मोठ्याने आकडे म्हणायचे. एक ते सहा निळी फिरकी. सातला निळा बंद. सात ते आठ, पांढरा एलईडी मध्यभागी बारीक गिरकीत, कारण रासेंगानचा गाभा उजळ असतो. आठला पांढरा बंद. नऊला मोठा टॉर्च चेहऱ्यावर, गोळ्याच्या बाजूने आणि खालून, अर्धा सेकंद. दहाला शटर बंद.

चेहऱ्याचा उजेड एकदाच आणि क्षणभर द्यायचा, यावर सगळं अवलंबून आहे. तीन नाकांचा फोटो होतो तो टॉर्च सतत चालू ठेवल्यामुळे. दहा सेकंद कोणीही पुतळ्यासारखं उभं राहत नाही, पण अर्धा सेकंद कोणीही राहतं. उजेड गोळ्याच्या दिशेनेच यायला हवा, नाहीतर गोळा फोटोवर नंतर चिकटवल्यासारखा वाटतो.

४. हात. निळ्या फिरकीच्या उजेडात हात पूर्ण सहा सेकंद दिसतो, म्हणून चेहऱ्यापेक्षा हातच जास्त हलतो. मॉडेलची कोपर एखाद्या काळ्या कापडाने झाकलेल्या स्टुलावर टेकवा. चौकटीत स्टूल दिसत नाही, हात मात्र दगडासारखा राहतो.

> तपासा: गोळा अंडाकृती आला तर मध्य हलला. कडेला शेपटी दिसली तर शटर बंद व्हायच्या आधी दिवा बाजूला नेताना तो चालू होता. गोळा तळहातापासून वीतभर वर तरंगत असेल तर डावा हात मनगटावरून सुटला होता.

सुरुवातीच्या दिवसांत नारुतोला एकट्याने आकार धरता येत नव्हता, शेजारी उभा बुनशिन तो दोन्ही हातांनी घडवायचा. हा फोटो करायचा असेल तर दोन तंत्रं जोडा. ट्रायपॉड न हलवता आधी वरचा रासेंगानचा फोटो, मग त्याच पोराला गोळ्याच्या पलीकडच्या जागी नेऊन, दोन्ही हात गोळा थापल्यासारखे धरून, फक्त टॉर्चच्या अर्ध्या सेकंदात दुसरा फोटो. पहिल्या टप्प्यात शिकलेला मास्क इथे कामी येतो. पहिल्याच संध्याकाळी हे करायला जाऊ नका.

## चौथा टप्पा: चिदोरी

रासेंगान जमलं की चिदोरी सोपी वाटते, आणि तिथेच हात सवयीने गोल फिरतो. चिदोरीत गोल काही नाही. हजार पक्षी किलबिलल्यासारखा आवाज आणि सगळीकडे फुटणारी वीज, एवढंच. रेघा मोडक्याच हव्यात.

१. कोणता हात? काकाशी असेल तर उजवा, लहानपणीचा सासुके असेल तर डावा. सासुकेसाठी मॉडेलचं तोंड चौकटीच्या डावीकडे वळवा. हात खाली ताणलेला, बोटं पंजासारखी, आणि दुसऱ्या हाताने मनगट घट्ट धरलेलं. मनगट धरायला विसरतात आणि मग तो नुसता हात लोंबकळणारा मुलगा दिसतो. नजर जमिनीकडे नाही, समोरच्या एका बिंदूवर. चिदोरी घेऊन धावणाऱ्याला आजूबाजूचं नीट दिसत नाही, म्हणूनच त्याला शारिंगान, म्हणजे ते खास डोळे, लागतं.

२. मुद्रांचा वेगळा फोटो हवा असेल तर क्रम बैल, ससा, माकड. तो संधिप्रकाशातच काढून ठेवा.

३. शटर ४ सेकंद पुरे. दोऱ्यांच्या कांडीवर निळा कागद एकच पदर. कांडी पंजापाशी धरून बाहेरच्या दिशेने झटका द्या, बंद करा, परत पंजापाशी आणा, चालू करा, दुसऱ्या दिशेने झटका. असे सहा-सात. परत येताना दिवा चालू राहिला तर विजेऐवजी झाडू दिसतो. झटक्याच्या मधेच हात एकदा मोडला की रेघेला कोपरा येतो आणि त्या कोपऱ्यावर उजळ ठिपका पडतो. तो ठिपका म्हणजेच ठिणगी, त्याला जपा.

४. जमीन विसरू नका. दोन झटके जमिनीला घासून मागे न्या. सासुके चिदोरी जमिनीवरून ओढत धावतो, आणि मॉडेल जागेवर उभा असूनही या दोन रेघांमुळे धावत आल्यासारखा वाटतो. खरंच धावायला लावू नका. अंधार, गच्ची, ट्रायपॉडच्या तंगड्या: कोणाचं तरी गुडघं फुटणार.

५. शेवटी चेहऱ्यावर टॉर्च, अर्धा सेकंद, खालून. चिदोरीत चेहऱ्याचा अर्धा भाग अंधारात राहिला तर उत्तमच.

मालिकेत काकाशीला दिवसाला चार चिदोरी झेपायच्या, सासुकेला दोन. माझ्या अनुभवात गच्चीवरचा हिशेबही साधारण असाच आहे. पहिले दोन फोटो चाचपडण्यात जातात, तिसरा-चौथा बरा येतो, आणि त्यानंतर मॉडेल मनगट ढिलं धरायला लागतो. पाचव्यानंतर थांबा, दिवे मोजा, बल्ब पुन्हा चालू करून द्या.

## पाठवण्याआधी एवढं बघा

फोटोची चमक वाढवायचा मोह होईल. चेहरा वाढवा, गोळ्याला हात लावू नका. गोळा उजळला की रेघा विरघळतात आणि पुन्हा तो चुन्याचा गोळा परत येतो. मूळ फोटो वेगळे ठेवा, कारण कुटुंबाच्या ग्रुपवर एकदा टाकलेला फोटो दबून, धुऊन येतो आणि छापायला निरुपयोगी ठरतो.

आणि कपाळपट्टी. एखादा फोटो समोरच्या, म्हणजे सेल्फीच्या कॅमेऱ्याने काढलेला असेल तर तो आरशासारखा उलटा असू शकतो. कपाळावरचं कोनोहाचं पान उलट्या दिशेला वळलेलं दिसतं, नारुतो डावखुरा होतो आणि सासुकेची चिदोरी उजव्या हातात जाते. ॲपमधलं ‘आडवं उलटवा’ हे बटण एकदा दाबलं की सगळं सरळ. दाबण्याआधी पोशाखावरचं एखादं अक्षर किंवा मागच्या टाकीवरचं कंपनीचं नाव वाचून बघा. ते सरळ वाचता येत असेल तर फोटो बरोबर आहे, आणि कपाळपट्टीच कोणीतरी उलटी रंगवली आहे.